बास्केटबॉलमधलं शूटिंग कसं मोजायचं: नवख्यांसाठी अंश-छेदाचा हिशेब

एकाच सामन्यातले दोन खेळाडू घ्या, एक गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारा) आणि एक सेंटर (रिंगजवळ खेळणारा). दोघांनी प्रत्येकी २२ गुण केले, दोघांनी प्रत्येकी १६ शॉट मारले. गार्डचे ७ पडले, सेंटरचे ९. शूटिंग कुणाचं चांगलं झालं? पटकन उत्तर द्यायचं तर सेंटरचं. हिशेब एक पायरी पुढे नेला तरी सेंटरचंच, पण जेमतेम. आणखी एक पायरी चढलो की गार्ड पुढे जातो. त्यानंतर वहीत एक रकाना वाढवला की निकाल पुन्हा उलटतो.

हाच सामना हाताशी धरून एकेक पायरी चढू. गणित शाळेतल्या अपूर्णांकांच्या पलीकडे फारसं जात नाही. मात्र प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारत राहायचा: छेदात काय धरलंय? अंश सगळ्यांना दिसतो, कारण गुण फलकावर झळकतात. ते गुण मिळवायला संघाच्या किती संधी खर्ची पडल्या, हे फलक सांगत नाही. क्रिकेटमध्ये कुणी पन्नास केले म्हटलं की आपण लगेच ‘किती चेंडूंत?’ असं विचारतो. बास्केटबॉल बघताना मात्र तीस गुण ऐकले की पुढचं विचारायचं राहूनच जातं.

आधी नोंद नीट करा

सूत्रं नंतर. नोंदच चुकीची असेल तर पुढचं सगळं वाया जातं, आणि नवख्यांच्या चुका बहुतेक इथेच होतात. प्रत्येक खेळाडूसाठी सहा रकाने लागतात: दोनाचे (दोन गुणांचे शॉट) मारलेले आणि पडलेले, तीनाचे (रेषेबाहेरून, तीन गुणांचे) मारलेले आणि पडलेले, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे शॉट) मारलेले आणि पडलेले. सातवा रकाना टर्नओव्हरचा, म्हणजे शॉट न मारताच चेंडू गमावल्याचा, ठेवा. त्याचं काम शेवटी पडेल. गुणांसाठी वेगळा रकाना नको, ते याच आकड्यांतून निघतात. निघालेले गुण अधिकृत स्कोअरशीटशी जुळले की नोंद बरोबर आहे, याची आयती खात्री होते.

आता मारलेला शॉट कशाला म्हणायचं? शॉट मारताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर तो प्रयत्न लिहायचाच नाही. फक्त मिळालेले फ्री थ्रो लिहायचे. फाउल होऊनही चेंडू आत गेला, तर मारलेला एक, पडलेला एक, आणि वरचा एक फ्री थ्रो वेगळा. ब्लॉक झालेला शॉट हा हुकलेला प्रयत्नच. रिबाउंडवर (हुकून परत आलेल्या चेंडूवर) उडी मारून हवेतच चेंडू रिंगकडे ढकलला तर तोही प्रयत्न. पण नुसता सहकाऱ्याकडे टोलवला तर नाही. तीनाच्या रेषेवर बूट टेकला असेल तर शॉट दोनाचा. वेळ संपल्याचा भोंगा वाजल्यानंतर हातातून सुटलेला चेंडू कुठेच लिहायचा नाही.

क्वार्टर संपताना मैदानाच्या पलीकडून भिरकावलेला चेंडू मात्र वर्षानुवर्षं भांडणाचं कारण होता. तो पडण्याची शक्यता जवळपास शून्य, पण टक्केवारीत हुकलेला शॉट म्हणून खेळाडूच्याच नावावर जमा व्हायचा. त्यामुळे काही जण मुद्दाम भोंगा वाजेपर्यंत थांबून मग चेंडू फेकायचे. आकडा राखण्यासाठी संघाची संधी सोडायची, असा उफराटा प्रकार. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगने २०२५-२६ च्या मोसमापासून यावर तोडगा काढला: पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या तीन सेकंदांत, स्वतःच्या अर्ध्या भागातून सुरू झालेल्या चालीवर ३६ फूट किंवा त्याहून दूरवरून मारलेला असा शॉट संघाच्या नावावर लिहिला जातो, खेळाडूच्या नाही. तुम्ही स्वतः नोंद ठेवत असाल तर असे शॉट वेगळ्या खुणेने लिहा.

पहिली पायरी: फील्ड गोल टक्केवारी

फील्ड गोल म्हणजे खेळ चालू असताना मारलेले दोनाचे आणि तीनाचे शॉट. पडलेले भागिले मारलेले. फ्री थ्रो यात धरत नाहीत. आपल्या गार्डची नोंद अशी होती: दोनाचे ९ पैकी ४, तीनाचे ७ पैकी ३, फ्री थ्रो ६ पैकी ५. सेंटरची नोंद: दोनाचे १६ पैकी ९, तीनाचा एकही मारला नाही, फ्री थ्रो ८ पैकी ४. म्हणजे गार्ड १६ पैकी ७, ४३.८ टक्के. सेंटर १६ पैकी ९, ५६.३ टक्के. फरक साडेबारा टक्क्यांचा. टीव्हीवर एवढंच दाखवतात आणि बहुतेक चर्चा इथेच संपते.

या आकड्याचं दुखणं सरळ आहे. सात मीटरवरून पडलेला तीनाचा शॉट आणि रिंगला लोंबकळून केलेला डंक, दोन्ही त्याच्या लेखी सारखेच. तीनाची रेषा नव्हती तेव्हा हे चालून गेलं. एनबीएमध्ये ती रेषा १९७९-८० च्या मोसमात आली आणि फिबा या जागतिक संघटनेने ती १९८४ मध्ये स्वीकारली. त्यानंतरही अनेक वर्षं लोक जुन्याच फूटपट्टीने मोजत राहिले.

ही फूटपट्टी किती फसवू शकते, ते एका काल्पनिक जोडीवरून पाहा. पहिला खेळाडू दोनाचे २० मारतो, ११ पडतात: ५५ टक्के. तीनाचे ८० मारतो, ३२ पडतात: ४० टक्के. दुसरा दोनाचे ८० मारतो, ४० पडतात: ५० टक्के. तीनाचे २० मारतो, ७ पडतात: ३५ टक्के. पहिला दोन्हीकडे सरस आहे. तरीही एकूण टक्केवारी काढली तर पहिल्याची ४३ आणि दुसऱ्याची ४७! आकडेमोड अगदी बरोबर आहे. पहिल्याने अवघड जागेवरून जास्त शॉट मारले, म्हणून त्याची एकूण टक्केवारी खाली ओढली गेली. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, आणि बास्केटबॉलच्या आकड्यांत तो दर आठवड्याला भेटतो. म्हणून माझं मत असं, की दोनाची आणि तीनाची टक्केवारी वेगवेगळी लिहावी आणि दोन्हींची एकत्र टक्केवारी लिहूच नये. तिच्यातून कळण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी पायरी: इफेक्टिव्ह फील्ड गोल

तीनाची बास्केट दोनाच्या बास्केटीच्या दीडपट मोलाची आहे. तर तसं मोल देऊ. पडलेल्या सगळ्या बास्केटींत तीनाच्या बास्केटींची निम्मी संख्या आणखी मिळवायची आणि मारलेल्या शॉटनी भागायचं:

(एकूण पडलेले + ०.५ × तीनाचे पडलेले) ÷ एकूण मारलेले

गार्ड: ७ अधिक १.५, म्हणजे ८.५, भागिले १६. उत्तर ५३.१ टक्के. सेंटरने तीनाचा शॉट मारलाच नसल्याने त्याचा आकडा ५६.३ वरच राहतो. साडेबाराचं अंतर तीनवर आलं. वरच्या काल्पनिक जोडीत तर चित्रच पालटतं: पहिला ५९, दुसरा ५०.५.

या आकड्याला टक्के म्हणतात खरे, पण तो शंभरावर जाऊ शकतो. कुणी तीनाचे पाच मारले आणि पाचही पडले तर उत्तर १५० येतं. त्यात गोंधळण्यासारखं काही नाही. ‘हेच गुण फक्त दोनाच्या शॉटवर मिळवायचे असते, तर किती टक्के पाडावे लागले असते?’ या प्रश्नाचं ते उत्तर आहे. तीनाचे ३५ टक्के पाडणारा आणि दोनाचे ५२.५ टक्के पाडणारा दर शॉटमागे सारखेच गुण देतात, १.०५. शॉटच्या निवडीवरून वाद निघाला की हे एक समीकरण डोक्यात असलं तरी काम भागतं.

छेद मात्र अजून तोच आहे: मारलेले शॉट. आणि त्यात एक मोठं भोक आहे.

तिसरी पायरी: फ्री थ्रो धरून खरा हिशेब

फाउल झाला की हुकलेला शॉट नोंदीतून गायब होतो. पण संधी वापरली गेली आणि गुणही आले. जो खेळाडू सतत अंगावर जाऊन फाउल मिळवतो, त्याची निम्मी करामत आधीच्या दोन्ही आकड्यांत दिसत नाही. जो फ्री थ्रो हुकवत राहतो, त्याचं नुकसानही दिसत नाही.

ट्रू शूटिंग हा आकडा ते भोक बुजवतो. अंशात एकूण गुण, कुठूनही आलेले. छेदात शॉटच्या सगळ्या संधी, फ्री थ्रोच्या धरून:

एकूण गुण ÷ [२ × (मारलेले शॉट + ०.४४ × मारलेले फ्री थ्रो)]

खालचा २ कशासाठी? उत्तर दोनाच्या शॉटच्या टक्केवारीसारखं दिसावं, एवढ्याचसाठी. तो काढला तर दर संधीमागे किती गुण, हे थेट मिळतं, आणि खरं तर तेच समजायला सोपं आहे.

गार्ड: फ्री थ्रो ६, गुणिले ०.४४, म्हणजे २.६४. त्यात १६ मिळवले की १८.६४ संधी. २२ भागिले ३७.२८, उत्तर ५९.० टक्के. सेंटर: ८ गुणिले ०.४४, म्हणजे ३.५२. संधी १९.५२. २२ भागिले ३९.०४, उत्तर ५६.४ टक्के. गार्ड पुढे गेला. सेंटरने तेवढेच गुण करायला जवळपास एक संधी जास्त वापरली, आणि ती फ्री थ्रोच्या रेषेवर वाया गेली.

मोठ्या आकड्यांवरही हीच गंमत दिसते. एनबीएच्या विल्ट चेंबरलेनने १९७२-७३ च्या मोसमात ७२.७ टक्के फील्ड गोल पाडले, पण फ्री थ्रो ५१ टक्केच. त्याचं ट्रू शूटिंग ६८.९ वर उतरतं. २०१८-१९ मध्ये जेम्स हार्डनची फील्ड गोल टक्केवारी होती ४४.२, म्हणजे कागदावर सामान्य. तीनाच्या ३७८ बास्केटींमुळे इफेक्टिव्ह आकडा ५४.१ झाला आणि फ्री थ्रोचे ७५४ गुण धरल्यावर ट्रू शूटिंग ६१.६. एकाचा आकडा पायरीगणिक खाली येतो, दुसऱ्याचा वर चढतो.

हे ०.४४ कुठून आलं?

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक लोक हा आकडा मंत्रासारखा लिहितात.

सगळे फ्री थ्रो जोडीनेच मिळत असते तर दोन फ्री थ्रो म्हणजे एक संधी, म्हणजे गुणक ०.५ असता. पण तसं नसतं. फाउल होऊनही बास्केट पडली की मिळणारा वरचा एक फ्री थ्रो नवी संधी खर्च करत नाही. त्याची संधी मारलेल्या शॉटमध्ये आधीच मोजली गेलीय. तिथे गुणक शून्य. टेक्निकल फाउलच्या (गैरवर्तन वगैरेबद्दलच्या) फ्री थ्रोनंतरही चेंडू हातचा जात नाही, म्हणून तिथेही शून्य. तीनाचा शॉट मारताना फाउल झाला तर तीन फ्री थ्रो मिळून एक संधी, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. या सगळ्यांचं एनबीएमधल्या प्रमाणात मिश्रण केलं की सरासरी ०.४४ च्या आसपास येते. म्हणजे हा अंदाज आहे आणि विशिष्ट लीगचा अंदाज आहे. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलसाठी काही विश्लेषक ०.४७५ वापरतात.

तुम्ही स्वतः सामना बघत नोंद करत असाल तर या अंदाजाची गरजच नाही. खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेवर किती वेळा गेला, ते मोजा. मात्र बास्केटीवरचे एकेरी आणि टेक्निकलचे फ्री थ्रो त्यातून वगळा. समजा आपल्या गार्डचे सहा फ्री थ्रो असे आले: दोन जोड्या आणि पडलेल्या बास्केटींवरचे दोन एकेरी. मग खऱ्या संधी १६ अधिक २, म्हणजे १८. ट्रू शूटिंग २२ भागिले ३६, ६१.१ टक्के. अंदाजाने ५९.० आलं होतं. एका सामन्यात एवढा फरक पडतो, मोसमभरात तो बराच विरतो. ज्यांच्याकडे फक्त छापील स्कोअरशीट आहे त्यांनी ०.४४ वापरावं. ज्यांच्याकडे वही आणि डोळे आहेत त्यांनी मोजावं.

गाजलेल्या तीन रात्री

सूत्र हातात आलं की जुने सामने त्यातून काढून बघण्यात मजा आहे. २ मार्च १९६२ रोजी चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले: ६३ पैकी ३६ फील्ड गोल, ३२ पैकी २८ फ्री थ्रो. (एरवी फ्री थ्रोत धडपडणाऱ्या माणसाने त्या रात्री ८७.५ टक्के पाडले, हेच मला शंभर गुणांहून नवलाचं वाटतं.) ट्रू शूटिंग ६४.९. त्या काळचे फ्री थ्रोचे नियम वेगळे होते, म्हणून इथे ०.४४ जरा ढोबळ आहे, पण चालेल.

२२ जानेवारी २००६ रोजी कोबी ब्रायंटने टोरांटो संघाविरुद्ध ८१ गुण केले. ४६ पैकी २८ फील्ड गोल, त्यात तीनाचे १३ पैकी ७, फ्री थ्रो २० पैकी १८. ट्रू शूटिंग ७३.९. त्याच कोबीने १३ एप्रिल २०१६ रोजी शेवटच्या सामन्यात ६० गुण केले. मारलेले शॉट ५०, पडलेले २२, तीनाचे २१ पैकी ६, फ्री थ्रो १२ पैकी १०. ट्रू शूटिंग ५४.३. साठ गुणांचा निरोप कुणी विसरणार नाही, विसरूही नये. पण दर संधीमागे एकदा १.४८ गुण आणि एकदा १.०९, हे दोन सामने एका पंगतीत बसवता येत नाहीत.

मोसमभर असा आकडा टिकवणं आणखी अवघड. २०१५-१६ मध्ये स्टीफन करीने १५९८ शॉट मारले, ८०५ पाडले, त्यातले ४०२ तीनाचे. फ्री थ्रो ४०० पैकी ३६३. गुण २३७५. कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा. इफेक्टिव्ह ६३.० आणि ट्रू शूटिंग ६६.९ आलं तर सूत्रं हातात बसली म्हणायची.

याच मोसमात करी ‘५०-४०-९०’ क्लबात गेला, म्हणजे फील्ड गोल ५०, तीनाचे ४० आणि फ्री थ्रो ९० टक्के किंवा त्याहून जास्त. लॅरी बर्ड १९८६-८७ मध्ये तिथे पहिल्यांदा पोहोचला. क्लब देखणा आहे, पण त्याच्या तीन सीमा म्हणजे नुसते गोल आकडे. ४९.९ वाला बाहेर आणि ५०.० वाला आत, याला खेळाच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

टर्नओव्हरचा सातवा रकाना

संधी शॉटनेच संपते असं नाही. चेंडू हातून निसटला, चुकीचा पास गेला, पाय घसटला, तरी संपते. आपल्या गार्डने त्या सामन्यात ५ वेळा चेंडू गमावला आणि सेंटरने एकदाच, असं समजा. आता छेदात तेही धरू: गार्ड २२ भागिले २३.६४, दर संधीमागे ०.९३ गुण. सेंटर २२ भागिले २०.५२, म्हणजे १.०७. निकाल पुन्हा उलटला.

पण इथे मी जरा हात आखडता घेतो. गार्डचे टर्नओव्हर बरेचदा दुसऱ्याला शॉट मिळवून देण्याच्या नादात होतात. तो खर्च त्याच्या नेमबाजीच्या खात्यावर टाकणं अन्याय्य आहे, कारण त्याचे असिस्ट (ज्यांवरून सहकाऱ्याची बास्केट पडली ते पास) आपण अंशात धरलेले नाहीत. खेळाडूसाठी ट्रू शूटिंग आणि टर्नओव्हर शेजारीशेजारी लिहावेत, एकत्र करू नयेत. संघाचा हिशेब करताना मात्र एकत्र करावेत, कारण तिथे असिस्ट आणि बास्केट दोन्ही एकाच घरात राहतात. संघाच्या संधींचं नेहमीचं सूत्र असं: मारलेले शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो. आक्रमणातला रिबाउंड वजा होतो, कारण तीच संधी पुढे चालू राहते. डीन ऑलिव्हर या विश्लेषकाने २००४ मध्ये सामने जिंकून देणारे चार घटक मांडले, त्यांत इफेक्टिव्ह फील्ड गोलला सुमारे ४० टक्के वजन होतं. टर्नओव्हरला २५, रिबाउंडला २० आणि फ्री थ्रोला १५.

आकडा आला. आता तो चांगला की वाईट?

५५ टक्के ट्रू शूटिंग चांगलं का? कुठल्या लीगमध्ये आणि कधी, ते आधी सांगा. एनबीएची सरासरी २००३-०४ मध्ये ५१.६ टक्क्यांच्या आसपास होती. २०२२-२३ मध्ये ती ५८ च्या वर गेली. म्हणजे तोच खेळाडू एका काळात सरासरीच्या बराच वर आणि दुसऱ्या काळात खाली. मधल्या काळात बचावपटूने हाताने अडवण्यावरचे नियम कडक झाले आणि एका संघाचे सामन्यातले तीनाचे प्रयत्न सुमारे १५ वरून ३४ वर गेले.

म्हणून दरवेळी आपल्याच स्पर्धेची सरासरी काढा: सगळ्या संघांचे गुण, शॉट आणि फ्री थ्रो एकत्र करून तेच सूत्र. खेळाडूच्या आकड्यातून ती वजा केली की अधिक-उणे कळतं. शाळकरी स्पर्धेत सरासरी ४२ निघाली आणि तुमचा खेळाडू ४७ वर असेल, तर तो उत्तम खेळतोय. एनबीएचे आकडे त्याच्यापुढे धरायची काहीच गरज नाही.

सरासरी काढताना एक चूक हमखास होते. एका सामन्यात २ पैकी १, दुसऱ्यात १६ पैकी ४. पन्नास आणि पंचवीस यांची सरासरी ३७.५ अशी लिहून मोकळे होतात. खरा आकडा १८ पैकी ५, २७.८. टक्क्यांची सरासरी काढायची नाही. सगळे अंश एकत्र, सगळे छेद एकत्र, मग भागाकार. आणि ज्याने शॉटच मारला नाही त्याच्या रकान्यात शून्य न लिहिता रेघ मारा.

किती सामने झाले की विश्वास ठेवायचा?

वाटतं त्यापेक्षा बरेच जास्त. तीनाचे ३५ टक्के पाडण्याची खरोखर कुवत असलेला खेळाडू घ्या. त्याने २० शॉट मारले तर निव्वळ नशिबाच्या हेलकाव्यामुळे त्याचा आकडा १४ पासून ५६ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. १०० शॉटनंतर साधारण २५ ते ४५. ४०० नंतर ३० ते ४०. हे कसं काढलं? टक्केवारी अपूर्णांकात घ्या (०.३५), तिला एकमधून वजा केलेल्या संख्येने (०.६५) गुणा, शॉटच्या संख्येने भागा, वर्गमूळ काढा. जे येईल त्याच्या दुप्पट दोन्ही बाजूंना धरा. शॉट चौपट केले तेव्हा कुठे अनिश्चितता निम्मी होते.

त्यामुळे ‘गेल्या तीन सामन्यांत त्याचा हात बसलाय’ या वाक्यावर संघाची निवड करू नका. फ्री थ्रोचा आकडा त्यामानाने लवकर खरं बोलतो, कारण तिथे अंतर तेच, बचाव नाही, घाई नाही. नव्या खेळाडूच्या तीनाच्या शॉटचा अंदाज बांधायचा असेल तर त्याचे मोजके तीनाचे आकडे बघताना फ्री थ्रोची टक्केवारीही जोडीने बघा.

वाटा किती उचलला?

रिंगखाली उभं राहून आयता पास मिळाला की डंक करणाऱ्या सेंटरचं ट्रू शूटिंग ६५ असतं. त्याच्या हातात दुप्पट चेंडू दिले तर ते ६५ राहील का? बहुधा नाही. सोपे शॉट मोजकेच असतात. शॉटक्लॉक (शॉट मारायला मिळणारे चोवीस सेकंद) संपत आलंय, चाल फसलीय, तेव्हाचा अवघड शॉट कुणीतरी मारायलाच लागतो, आणि ज्याच्यावर ती वेळ येते त्याचा आकडा खाली येतो. २०००-०१ चा ॲलन आयव्हर्सन आठवा. सामन्याला ३१.१ गुण, फील्ड गोल ४२ टक्के, ट्रू शूटिंग ५१.८, म्हणजे लीगच्या सरासरीइतकंच. तरी तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. एवढा भार उचलून सरासरी राखणं हे किती मोठं, यावर आजही एकमत नाही. माझ्या मते ते बरंच मोठं आहे, पण ट्रू शूटिंगच्या शेजारी सामन्यातल्या संधींची संख्या लिहिल्याशिवाय हा वाद घालताच येत नाही.

तीन-तीनच्या खेळाला हीच सूत्रं लावू नका

फिबाच्या थ्री एक्स थ्रीमध्ये, जो टोकियो ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ आहे, कमानीच्या आतली बास्केट एका गुणाची आणि बाहेरची दोन गुणांची. म्हणजे बाहेरचा शॉट दीडपट नाही, दुप्पट मोलाचा. बाहेरून ३० टक्के पाडणारा आतून ६० टक्के पाडणाऱ्याच्या बरोबरीला येतो. शिवाय कमानीच्या आत शॉट मारताना फाउल झाला तर सहसा एकच फ्री थ्रो मिळतो, त्यामुळे ०.४४ इथे साफ चुकतं. दर संधीमागे गुण एवढाच आकडा काढा: गुण ÷ (मारलेले शॉट + फ्री थ्रोच्या खऱ्या फेऱ्या). खालचा २ इथे नको.

कागदावर अर्धं मैदान काढा

सूत्रं जमली की पुढचा उपयोगी प्रश्न म्हणजे शॉट कुठून मारले. अर्ध्या मैदानाचं चित्र काढून पाच भाग पाडा: रिंगजवळ, पेंटचा (रिंगसमोरच्या आखलेल्या आयताचा) उरलेला भाग, मधला पल्ला, दोन्ही कोपरे आणि उरलेली तीनाची कमान. पडलेल्या शॉटसाठी गोल, हुकलेल्यासाठी फुली. चार-पाच सामन्यांनी दर भागाचे दर शॉटमागे गुण काढा. मधल्या पल्ल्याचा आकडा बहुतेकदा सगळ्यांत कमी येतो. तेवढ्यावरून ‘मधून मारूच नका’ असा फतवा काढण्याची घाई नको. चोवीस सेकंदांतले शेवटचे तीन उरले असताना मधून मिळालेला मोकळा शॉट हा हातात चेंडू धरून बसण्यापेक्षा केव्हाही चांगला.

कोपऱ्यांबद्दल एक सावधगिरी. ‘कोपऱ्यातला तीनाचा शॉट सोपा’ हा सल्ला एनबीएतून आला आहे. तिथे तीनाची रेषा समोरून ७.२४ मीटरवर आणि कोपऱ्यात ६.७१ मीटरवर आहे, अर्ध्या मीटरहून जास्त सवलत. फिबाच्या मैदानावर समोरून ६.७५ आणि कोपऱ्यात ६.६०, सवलत फक्त १५ सेंटिमीटरची. तिथे कोपरा फायद्याचा ठरला तर तो अंतरामुळे कमी आणि शूटर मोकळा असल्यामुळे जास्त. म्हणून चित्रावर खूण करताना बचावपटू हाताच्या अंतरावर होता की नव्हता, हेही लिहा. मोकळ्या शॉटच्या खुणेला खाली एक रेघ मारली तरी पुरे. ही रेघ सामना चालू असतानाच मारायची, नंतर आठवून नाही, कारण पडलेला प्रत्येक शॉट नंतर मोकळाच वाटतो.